इतिहास सांगावा, पण पदरचे घालू नये
(महोत्सवानिमित्त बुऱ्हाणपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा शुभप्रसंगी एका शाळामास्तराला बोलावयास उभे करावे, हा आपला लोभ आहे. आपल्या गावाचा आणि या ट्रस्टचा इतिहास तरुण मंडळींकडून लिहवून घ्यावा, असे विश्वस्तांनी योजिले आहे. त्या तरुणांना चार शब्द सांगावेत अशी आम्हांस आज्ञा झाली. ती आम्ही आनंदाने शिरावर घेतली, कारण विषय आमच्या रोजच्या कामाचा आहे. इतिहास वाचावासा वाटेल असा कसा लिहावा, आणि तसे करताना तो खरा कसा ठेवावा, हा तो विषय.

तरुण मंडळी आम्हांस एक अडचण सांगतात. ती अशी की, खरे तेवढेच लिहिले तर कोणी वाचत नाही, आणि वाचण्याजोगे लिहावयास बसले तर हात आपोआप तिखटमिठाच्या डब्याकडे जातो. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे की, ही अडचण दिसते तेवढी खरी नाही. इतिहासाची गोडी बाहेरून आणून घालावी लागत नाही. ती पुराव्याच्या पोटातच असते. आपण आत पुरेसे उतरत नाही, म्हणून ती हाती लागत नाही. हे आम्ही कोठल्या परमुलखातल्या नव्हे, आपल्या बुऱ्हाणपूरच्याच दाखल्यांनी दाखविणार आहोत.

परंतु आधी हे काम इतके निकडीचे का, ते सांगितले पाहिजे. मार्च २०२५ मध्ये आपल्या शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, असीरगडाच्या पायथ्याशी काय घडले हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच्या आदल्या महिन्यात ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता, आणि त्यात बुऱ्हाणपूरवरील स्वारी दाखविली आहे. महामार्गाच्या कामात निघालेल्या मातीत सोन्याची नाणी सापडली अशी वदंता त्याआधीच पसरली होती. चित्रपटाने तिला जोर आला. आणि गडाजवळच्या शेतांत माणसांची रीघ लागली. हातात कुदळी, फावडी, चाळण्या आणि विजेऱ्या घेऊन लोक रात्र रात्र माती उपसत राहिले. शेवटी सरकारी अंमलदारांना मध्ये पडावे लागले. मोबाईलवर ती चित्रे साऱ्या देशाने पाहिली आणि तो हसला. आम्हांस मात्र हसू आले नाही. ज्याच्या शेतात खड्डे पडले त्याला हसू कसे येणार? आणि उद्याच्या आशेने जो रात्रभर माती चाळीत बसला, तो हौसेने बसला होता काय?

येथे चित्रपटाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. चित्रपट हे नाटक आहे, आणि तो ज्या ग्रंथावर बेतला ती शिवाजी सावंतांची कादंबरी आहे. कादंबरीकाराला कल्पनेची मुभा आहे. ती त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे सुताराकडून रंधा काढून घेण्यासारखे आहे. दोष असलाच तर तो आमच्यासारख्यांचा, म्हणजे इतिहास शिकविणाऱ्यांचा आणि लिहिणाऱ्यांचा वर्ग जो आहे त्याचा आहे. या वर्गाने शेत पडीत टाकले. पडीत शेतात जे उगवावयाचे तेच उगवले. असीरगडाची खरी गोष्ट घरोघर ठाऊक असती, तर खोट्या गोष्टीला एवढी रिकामी जागा मिळाली नसती.

मराठी भाषेला हा प्रश्न नवा नाही. हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी महाराष्ट्राने इतकी उराशी धरली की, १६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले म्हणून कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, हे मुलांना पाढ्यांसारखे पाठ झाले. पुढे संशोधकांनी कागद तपासले तेव्हा सिंहगड हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रांतही आढळले. मग तानाजीचे शौर्य कमी झाले काय? तिळमात्र नाही. नाव आधीचे असो वा नंतरचे, अंधाऱ्या रात्री तो कडा चढून गेलेली माणसे खरी, आणि परत न आलेला त्यांचा सरदारही खरा. पराक्रम आपल्या पायावर उभा राहतो; त्याला दंतकथेच्या कुबड्या लागत नाहीत. उलट कुबडी एकदा निसटली की, पाहणाऱ्याला पायही लटके वाटू लागतात.

म्हणूनच विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करू लागले, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी काढला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पुढे सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी साधने मराठीत आणून आणखी एक दार उघडले. हैदराबाद संस्थानातल्या नोकरीत राहिलेला, फार्सी आणि उर्दूत मुरलेला हा मनुष्य. एकाच काळाची हकीकत शत्रूच्या आणि मित्राच्या, अशा दोन्ही लेखण्यांतून वाचण्याची सवय त्यांनी मराठी वाचकाला लावली. आम्हां बुऱ्हाणपूरकरांना तर त्यांचे विशेष ऋण मानले पाहिजे. कारण आपल्या गावची कहाणी थोडी फार्सीत, थोडी मराठीत, थोडी संस्कृतात आणि थोडी परदेशी प्रवाशांच्या रोजनिशांत विखुरलेली आहे. एकाच भाषेच्या खिडकीतून हे गाव पुरते दिसत नाही.

आता दाखल्यांकडे वळू. पहिला दाखला सर्वांच्या आवडीचा, मुमताज महलचा.

आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला आपण काय सांगतो? ताजमहाल खरे तर येथेच, तापीच्या काठी व्हावयाचा होता. पण माती भुसभुशीत निघाली, वाळवी निघाली, म्हणून तो आग्र्यास गेला. आणि बेगमेच्या दुःखाने बादशहाची दाढी एका रात्रीत पांढरी झाली. पाहुणा मान डोलावतो, आपल्यालाही बरे वाटते.

आता पुरावा काय सांगतो ते पाहा. खानजहान लोदीचे बंड आणि निजामशाहीवरील मोहीम यांसाठी शाहजहान १६३० मध्ये बुऱ्हाणपुरास येऊन राहिला. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल येथे मरण पावली. जन्मलेली मुलगी गौहरआरा जगली. पलीकडच्या तीरावर जैनाबादेच्या बागेत तात्पुरते दफन झाले. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहजादा शुजा याच्याबरोबर देह आग्र्यास रवाना झाला. दरबारी इतिहासकार लिहितात की, बादशहाने आठवडाभर लोकांस दर्शन दिले नाही, दोन वर्षे गाणेबजावणे आणि भरजरी कपडे वर्ज्य केले. आणि ज्या दाढीत बोटांवर मोजण्याइतकेच पांढरे केस होते, तिचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग काही दिवसांत पांढरा झाला.

मित्रहो, कोणती गोष्ट अधिक मनाला लागते? एका रात्रीत सारी दाढी पांढरी झाली हे ऐकून आपण म्हणतो, वाहवा! पण काही दिवसांत तिसरा हिस्सा, हे ऐकले की आपल्याला आपल्याच घरातला एखादा मनुष्य आठवतो, ज्याची बायको गेली आणि दोनचार महिन्यांत जो उतरून गेला. पहिल्या गोष्टीतला बादशहा कागदी आहे. दुसरीतला हाडामांसाचा आहे. अचूक मोज ही कोरडी असते असे कोणी सांगितले? कधी कधी तीच डोळ्यांत पाणी आणते.

आणि बुऱ्हाणपूरचा व ताजचा दुवाच पाहिजे असेल, तर तो पुराव्यातही आहे, आणि वाळवीपेक्षा कितीतरी सुरस आहे. आग्र्याची ती जागा मुळात आमेरच्या राजघराण्याच्या हवेलीची होती. ती मिर्झा राजा जयसिंग याच्याकडून घेऊन तिच्या बदल्यात त्याला चार हवेल्या दिल्या, असे २८ डिसेंबर १६३३ चे फर्मान सांगते. हाच जयसिंग पुढे दक्षिणेत आला. याच्याशीच १६६५ मध्ये शिवाजी महाराजांचा पुरंदरचा तह झाला. आणि दोन वर्षांनी, १६६७ मध्ये, तो कोठे मरण पावला? येथे, आपल्या बुऱ्हाणपुरात. जिच्यासाठी त्याची जागा गेली ती बेगम या गावी वारली, आणि छत्तीस वर्षांनी जागेचा धनीही याच गावी वारला. असा योग रचावयाचे कोणा कादंबरीकाराच्या मनात आले असते, तर वाचकाने त्याला म्हटले असते की, हे जरा अतीच होते!

परंतु मुमताजच्या गोष्टीने आपले एक नुकसान केले आहे, तेही सांगतो. तिच्या मरणाची तारीख आपल्याला पाठ आहे. पण त्याच वर्षी, याच गावाभोवती, माणसे अन्नावाचून मरत होती हे किती जणांना ठाऊक आहे? १६३० मध्ये पाऊस गेला, आणि गुजरात व दख्खन यांवर दुष्काळ पडला तो १६३२ पर्यंत. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्यास जाताना याच वाटेने गेला. रस्त्यावर पडलेली प्रेते, ओस गावे, दाण्यादाण्यासाठी चाललेली झोंबाझोंबी त्याने आपल्या रोजनिशीत टिपून ठेविली आहे.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याच दुष्काळाबद्दल ‘पादशाहनामा’त लिहितो की, बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत प्रांतात लंगर उघडावयास लाविले, आणि बुऱ्हाणपुरात मुक्काम असेपर्यंत दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटावयाचे फर्माविले. असे वीस सोमवार झाले, म्हणजे एक लाख रुपये. शिवाय खालशाच्या मुलखात सुमारे ७० लाखांचा सारा माफ केला.

वीस सोमवार! आपल्या ट्रस्टच्या कामात ज्यांनी कधी रांगेतल्या माणसाच्या हातावर शिधा ठेविला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ आम्ही समजावून द्यावयास नको. रविवारी रात्री कोणी झोपले असेल काय? आदल्या सोमवारी आलेला मनुष्य या सोमवारी दिसला नाही, तर तो सुधारला म्हणावे की गेला म्हणावे? पाहा, आम्ही येथे पदरचे काही घातले नाही. नुसता प्रश्न विचारला, आणि प्रश्न म्हणूनच ठेविला. आकडा जिवंत करण्याची ही एक सरळ वाट आहे.

पण प्रामाणिकपणा येथे संपत नाही. लाहोरी हा बादशहाच्या पगारावर बादशहाची कारकीर्द लिहीत होता. मंडीवर तसले काही ओझे नव्हते. आणि तो असेही सांगतो की, मुलूख उपाशी असताना बादशहाच्या छावणीत मात्र चहूकडून आलेल्या धान्याची रेलचेल होती. आता काय करावे? लाहोरीला खोटा म्हणावे, की मंडीला? आमच्या मते दोघांनाही शेजारी शेजारी बसवावे. दान झाले हेही खरे असू शकते, आणि छावणीचे पोट आधी भरत होते हेही. दान देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही जोडगोळी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. केवळ दात्याच्या वहीवरून दानाचा इतिहास लिहू नये; रस्त्यावरून जाणाऱ्याने काय पाहिले तेही विचारावे.

दुसरा दाखला दृश्य कसे उभे करावे याचा. लेखक मंडळी म्हणतात की, देखावा उभा करावयाचा तर कल्पना लागतेच. आम्ही म्हणतो, आधी रोजनिशी धुंडाळा. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरास आला. शहजादा परवीझ तेव्हा येथे होता. रोने लिहून ठेविले आहे की, शहजाद्याचे आणि खान-इ-खानानचे वाडे व आणखी मोजकी घरे वगळली तर गाव मातीच्या झोपड्यांचे आहे. त्याने शहजाद्याला जे नजराणे दिले त्यांत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. पुन्हा खासगीत भेटावयाचे ठरले. पण त्या बाटल्यांनी आपले काम चोख बजाविले, आणि वकीलसाहेबांना भेटीवाचूनच परतावे लागले. यात आमचे एक अक्षर नाही. तरी वर्ग हसल्यावाचून राहत नाही.

आणि त्याच सुमारास, मातीच्या त्याच घरांच्या पायाखाली, काय चालले होते? अब्दुर्रहीम खान-इ-खानानच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात आणण्याची योजना आखली. शंभरावर कुंड्या, एकीतून दुसरीत उतरत जाणारे पाणी, आणि पाणी उपसावयास ना मोट ना रहाट, केवळ उतार. तोच हा कुंडी भंडारा. तोंडोतोंडी त्याचा खूनी भंडारा झाला, आणि नाव पडले म्हटल्यावर खुनाच्या गोष्टीही मागोमाग आल्या. मुलांना त्या गोष्टी आवडतात, हे आम्ही जाणतो. आम्ही त्या वर्गात सांगतोही, पण ‘लोक असे म्हणतात’ हे तीन शब्द आधी लावून. मग मुलांना विचारतो, जमिनीखाली दिवा धरून, हाताने माती कोरीत, पाण्याला उतार बरोबर मिळेल असे बोगदे त्या कारागिरांनी कसे काढले असतील? वर्गात जी शांतता पसरते, ती खुनाच्या गोष्टीने कधी पसरलेली नाही. ऐकीव गोष्ट पुसून टाकू नये. ती गावाचीच आहे. परंतु तिला तिच्या पाटावर बसवावे, इतिहासाच्या पाटावर नव्हे.

तिसरा दाखला असीरगडाचा. सोने शोधणाऱ्यांना असीरगडात सोने आहे, हे आम्हीही सांगू. फक्त ते कुदळीने निघत नाही. १६०० मध्ये अकबराने या गडाला वेढा घातला, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. दक्षिणेचे दार म्हणविणारा हा अभेद्य किल्ला पडला कसा? फैजी सरहिंदीसारखे फार्सी लेखक सांगतात की, आत रोगाची साथ पसरली. माणसांचे पाय गेले, नजर गेली, गड टेकीस आला. जेझुइट पाद्री जेरोम झेवियर त्या वेळी अकबराच्या छावणीत होता. पाद्र्यांच्या पत्रांवरून रचलेला वृत्तांत निराळेच सांगतो. तो म्हणतो, गडाच्या राजाला बोलावून रोखून धरले, आणि आतल्या लोकांना सोने चारून दरवाजे उघडविले. व्हिन्सेंट स्मिथने १९१७ च्या आपल्या ग्रंथात पाद्र्यांची बाजू घेतली. मग गड रोगाने पडला की सोन्याने?

एका साक्षीदाराला हाकलून दिले की गोष्ट सोपी होते, आणि मरते. दोघांनाही पिंजऱ्यात उभे करा. कोण कोठे उभा होता, कोणाच्या मीठभाकरीवर होता, ते वाचकाला सांगा. आणि निवाडा त्याच्यावर सोपवा. आमच्या वर्गातली मुले या एका प्रश्नावर तास संपल्याची घंटा झाली तरी भांडत असतात. आणखी एक गोष्ट त्यांना सांगतो. गड जिंकल्याची आठवण म्हणून अकबराने सोन्याची मोहर पाडली. तिच्यावर ससाणा कोरला आहे आणि असीरचे नाव आहे. असे सोने खरोखर आहे, ते संग्रहालयात आहे, आणि कोणाचे शेत न उकरता आपल्याला ते पाहता येते.

आता चौथा दाखला. हा सर्वांत अवघड, म्हणूनच शेवटी ठेविला. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरच्या तटाबाहेरील बहादूरपूर आणि इतर पुरे लुटले. आमच्या वर्गात मराठी घरची मुले आहेत, उर्दू आणि हिंदी बोलणाऱ्या घरची आहेत. बहादूरपूरहून येणारीही आहेत. एका पुस्तकात हा पराक्रम आहे, दुसऱ्यात ही आपत्ती आहे. मास्तराने काय करावे? हा धडाच गाळावा, असा शहाणपणाचा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. आम्ही गाळीत नाही. आपण गाळलेला धडा मुले दुसरीकडून शिकतात, आणि जेथून शिकतात तेथे सोमवारचे पाच हजारही नसतात आणि ‘लोक म्हणतात’ हेही नसते.

आम्ही तो धडा येणेप्रमाणे सांगतो. या स्वारीची तपशीलवार हकीकत खाफीखान देतो. पण त्याचा ग्रंथ सुमारे पन्नास वर्षांनी पुरा झाला आणि तो मोगलांच्या बाजूचा लेखक, हे आधी फळ्यावर लिहितो. मग त्याचे म्हणणे सांगतो. बहादूरपूर शहरापासून दीड कोसावर. तेथे सराफ आणि व्यापारी नांदत. देशोदेशीचा माल दुकानांत भरलेला. हल्ला इतका अवचित आला की कोणाला काही हलवता आले नाही. शहरातल्या अंमलदाराने तटावरून पुऱ्यांचा धूर आभाळात चढताना पाहिला. पण बाहेर पडण्याइतकी फौज त्याच्यापाशी नव्हती, म्हणून त्याने दरवाजे लावून घेतले. त्यानंतर शहरातल्या उलेमांनी बादशहाला लिहिले की, आमची अब्रू आणि मालमत्ता गेली, आता शुक्रवारची नमाजही बंद पडेल.

मग दुसरी बाजू. बुऱ्हाणपूर हे त्या काळी दक्षिणेतील मोगल सत्तेचे मोठे ठाणे होते. येथून फौजा निघत, येथे पैसा साठे. नव्या राजाला आपले राज्य टिकवावयाचे होते, आणि शत्रूच्या पेठेवर घाव घालणे ही त्या काळच्या युद्धाची रीत होती. मोगल फौजाही मराठी मुलूख जाळीतच येत. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात दाखल झाला, आणि दक्षिणेत उतरला तो परत उत्तरेस गेला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरास वारला.

एवढे झाले की आम्ही मुलांना एकच काम देतो. तटावर उभा असलेला शिपाई, बहादूरपूरचा सराफ आणि मराठा स्वार, या तिघांना त्या दिवशी काय दिसले असेल ते पुराव्यात जेवढे आहे तेवढ्यावरून मांडा. मनचे संवाद घालू नका, शिव्या आणि जयजयकारही घालू नका. मुले हे काम फार चांगले करतात. वर्गात भांडण होत नाही. कारण प्रत्येकाला कळते की, तो धूर आपल्याच गावचा होता आणि तो स्वारही आपल्याच देशाचा होता. खरा इतिहास माणसांना थोडे गंभीर करतो. अर्धवट इतिहास त्यांना भडकवितो. येथे अचूकपणा म्हणजे विद्वानांची चैन नव्हे. शेजाऱ्याच्या तोंडाकडे उद्या सरळ पाहता यावे, यासाठी तो लागतो.

आता तरुण लेखकांसाठी दोनचार व्यवहारी सूचना करतो आणि आटोपते घेतो. पहिली सूचना अशी की, प्रत्येक गोष्टीमागे कोणी सांगितले, केव्हा सांगितले आणि त्याला काय पडले होते, हे तीन प्रश्न विचारा. आणि त्यांची उत्तरे तळटीपेत लपवू नका, गोष्टीतच ओवा. साक्षीदार कोण हे कळले की वाचकाचे कान टवकारतात. दुसरी, कोणाच्या तोंडी न बोललेले शब्द घालू नका. मेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. तिसरी, मोठे विशेषण लिहावेसे वाटले की त्या जागी एखादा आकडा, एखादी वस्तू, एखादे नाव मिळते का पाहा. ‘अपार दानधर्म’ यापेक्षा ‘वीस सोमवार’ अधिक बोलके आहे. चौथी, गोष्ट सुरू करताना वंशावळीपासून सुरू करू नका, प्रश्नापासून करा. गड पडला कसा, पाणी आले कोठून, येथे वारलेल्या राजाचा ताजशी संबंध काय, असे विचारा. उत्तर शेवटपर्यंत दाबून ठेवण्यात लबाडी नाही. मात्र ते देताना जे ठरले नाही ते ठरले म्हणून सांगू नका.

ट्रस्टचा इतिहास लिहितानाही हेच नियम पाळा. जुन्या वह्या काढा. वृद्धांकडे जा आणि ते सांगतील ते तारखेनिशी लिहून घ्या. पाच हजार देणाऱ्याचे नाव जसे येईल, तसे पाच रुपये देणाऱ्या विणकराचेही येऊ द्या. ज्यांना मदत मिळाली त्यांस विचारा, आणि ज्यांना मिळावयास हवी होती पण मिळाली नाही त्यांसही विचारा. महोत्सवी अंकात गोड तेवढेच छापावे असा प्रघात आहे. पण पन्नास वर्षांनी हा अंक उघडणाऱ्याला गोड शब्दांचा काही उपयोग नाही. त्याला आपण खरोखर काय केले ते हवे असेल.

याचा नमुना पाहावयाचा तर दूर जावयास नको. आपल्या जामा मशिदीत फारूकी बादशहा आदिलशहा याने अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरविला आहे. त्यात आधी सृष्टिकर्त्याचे स्तवन आहे, मग राजांची वंशावळ आहे, आणि मग बांधणीचा काळ आहे: विक्रम संवत १६४६, शके १५११, त्यापुढे महिना, तिथी, नक्षत्र आणि घटिकासुद्धा. त्यामुळे आज चारशे वर्षांनंतरही कोणी पंचांग उघडून बसला, तर जानेवारी १५९० असा त्याचा मेळ त्याला घालता येतो. मशीद बांधणाऱ्याने शेजाऱ्याच्या भाषेत, शेजाऱ्याच्या पंचांगाने, घटकेपर्यंत चोख असा हिशेब भिंतीवर लिहून ठेविला. रोज हजारो लोक त्या भिंतीजवळून जातात. तरुण मित्रहो, आपण लिहाल ते असे लिहा की, ते शेजाऱ्यालाही वाचता यावे आणि चारशे वर्षांनी कोणी मोजून पाहिले तरी बरोबर यावे.